कर-नोंदी एकमेकींना जोडल्या, तर म्हातारपणची पुंजी खरी दिसते का?

पायवाट

काही वर्षं मी घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलं. उत्पन्न, खर्च, बचत, कर्ज असे प्रश्न. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही.

पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ होते. मी विचारलं, "निवृत्तीसाठी दरमहा कुठे काही भरता का?" ते म्हणाले, "छे, मला कुठलं जमतंय!" पगाराचा आकडा नेमका सांगता यावा म्हणून त्यांनी मघाशीच पगारपत्रक काढून टेबलावर ठेवलं होतं. चार घड्यांचा कागद, घडीवरची शाई उडालेली. कपातीच्या रकान्यात वरून तिसऱ्या ओळीला निवृत्ती खात्याची रक्कम छापलेली होती. माझ्या बाजूनं अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता आली. नियम असा, की समोरचा सांगेल तेच लिहायचं. मी "नाही" वर खूण केली.

अलीकडे असे अभ्यास वाचनात आले, ज्यांत माणसाला काही विचारतच नाहीत. मालकानं करखात्याला कळवलेला पगार, बँकेनं कळवलेलं व्याज, निवृत्ती खात्यात भरलेले आणि त्यातून काढलेले पैसे, या सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या म्हणून जोडायच्या आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे चालायचं. मला हे पटतं. लोक खोटं बोलतात असं नव्हे, पण बचत ही फार विसरण्याजोगी गोष्ट आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा: या पद्धतीनं असं काय कळलं, जे विचारून कळलं नसतं? आणि काय निसटतं?

मृद्गंध

चांगला विषय. वाचतेय. जरा सवडीनं लिहिते.

गणितवेडी

पायवाट, तो तिसऱ्या ओळीचा प्रसंग फार बोलका आहे. हे एकट्या त्या गृहस्थांचं नाही. अमेरिकेत प्रश्नावलीतली उत्तरं त्याच लोकांच्या कर-नोंदींशी ताडून पाहिली आहेत. "मी भरतो" म्हणणाऱ्या कित्येकांच्या नोंदीत काहीच नाही, आणि "मी भरत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांच्या नोंदीत रक्कम आहे. चूक दोन्ही बाजूंनी होते.

पण तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर वेगळं आहे. जोडलेल्या नोंदींमुळे प्रश्नच बदलतो. आधी अभ्यास खात्याचा व्हायचा, आता माणसाचा होतो.

२००१ साली ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांचा एक गाजलेला अभ्यास आला. एका अमेरिकी कंपनीनं नव्या कर्मचाऱ्यांना निवृत्ती योजनेत आपोआप घ्यायला सुरुवात केली. नको असेल त्यानं तसं कळवायचं. आधी तितकीच नोकरी झालेल्यांपैकी ४९ टक्के योजनेत असायचे, ते ८६ टक्के झाले. साधा अर्ज उलटा फिरवला आणि एवढा फरक पडला. पण हे सगळं एका कंपनीच्या दप्तरातलं. माणसानं नोकरी सोडली की तो त्या दप्तरातून नाहीसा. त्यानं पैसे पुढे नेले की काढून खर्च केले? इथे भरतोय म्हणून तिकडच्या बँकेत टाकायचा थांबला का? कंपनीला हे माहीत नसतं. करखात्याला असतं.

म्हणून डेन्मार्कचा अभ्यास महत्त्वाचा. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि तीन डॅनिश सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ४ कोटी १० लाख नोंदी होत्या. १९९९ साली तिथल्या सरकारनं वरच्या कर-टप्प्यातल्या लोकांसाठी एका प्रकारच्या निवृत्ती खात्यावरची करसवलत कमी केली. त्या खात्यात येणारा पैसा घटला. फक्त ते खातं पाहिलं असतं, तर "सवलत गेली, बचत बुडाली" असा निष्कर्ष निघाला असता. पण त्या लोकांची बाकीची खातीही समोर होती. ज्यांनी तिथे भरणं थांबवलं, त्यांनी तेच पैसे दुसरीकडे ठेवले होते. बहुतेकांनी तर काहीच केलं नव्हतं. हिशेब असा लागला, की सरकारनं सवलतीवर १ डॉलर खर्च केला तर एकूण बचत जेमतेम १ सेंटनं वाढते. सुमारे ८५ टक्के लोक सवलतीकडे पाहून हलतच नाहीत. मात्र मालकानं पगारातून आपोआप वळती केलेली रक्कम बहुतांशी बचतीतच राहते.

हे कुणालाही विचारून कळलं नसतं. "सवलत कमी झाली म्हणून तुम्ही काय केलंत?" याचं खरं उत्तर "काही नाही" असं आहे, आणि ते कुणी देत नाही.

रानवारा१

अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

शंकेखोर

गणितवेडी, माहिती उत्तम आहे, पण दोन ठिकाणी अडतो.

एक, डेन्मार्क म्हणजे जग नव्हे. तिथे पगार, व्याज, निवृत्ती खातं यांची बातमी करखात्याला आपोआप जाते. जिथे निम्मे लोक हातावर पोट घेऊन जगतात, तिथे त्यांच्या कर-नोंदीत काय दिसणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. या ४ कोटी नोंदींमधल्या एकाही माणसाला कुणी विचारलेलं नाही. मी कर भरताना माझे आकडे दिले, ते कर आकारण्यासाठी. माझ्या सवयींचा अभ्यास करायला मी ते दिले नव्हते. पायवाट निदान दारावर थाप देऊन आत जात होत्या. "नाही" म्हणायची सोय होती.

जुना हिशेबनीस

पस्तीस वर्षं पगारपत्रकं केली. त्यातली शेवटची बरीच वर्षं अमेरिकी कंपन्यांच्या पगाराचं काम केलं. ज्या नोंदींविषयी तुम्ही बोलताय त्या कशा जन्माला येतात ते मी पाहिलंय, म्हणून लिहितो.

तिथे प्रत्येक नोकरदाराचा वर्षाचा गोषवारा डब्ल्यू-२ नावाच्या कागदावर करखात्याला जातो. त्यात बारा क्रमांकाचा रकाना असतो. त्या रकान्यात इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे रक्कम. ४०१(के) या निवृत्ती खात्यात कर्मचाऱ्यानं भरलेले पैसे 'डी' अक्षरापुढे, शाळा आणि धर्मादाय संस्थांमधल्या ४०३(बी) चे 'ई' पुढे, कर भरून झाल्यावर टाकलेले रॉथ प्रकारचे 'एए' पुढे. संशोधक ज्याला "निवृत्तीची बचत" म्हणतात ती बऱ्याच वेळा या एका अक्षरापुढची रक्कम असते.

आता दोन गोष्टी. पहिली, कंपनी आपल्या बाजूनं जी भर घालते ती या कागदावर लिहावी लागत नाही. माणसानं १०० भरले आणि कंपनीनं ५० घातले, तर कागदावर १०० च. कंपन्या आपल्या योजनेचं वेगळं वार्षिक विवरण देतात, पण ते सबंध योजनेचं असतं, माणसागणिक नसतं. म्हणजे नोंदी कितीही जोडा, ती भर काढायला योजनेचे नियम वाचून गणित मांडावं लागतं.

दुसरी गोष्ट, माझ्यासमोर झालेली. आमच्या एका सहकाऱ्यानं एका वर्षी सबंध गठ्ठ्यात 'डी' च्या जागी 'ई' टाकलं. कर एका पैशानंही बदलत नव्हता, त्यामुळे कुणाच्या लक्षात येईना. एका बाईंनी फोन करून विचारलं, "मी शिक्षिका नाही, मग हे अक्षर कसं?" तेव्हा उलगडा झाला आणि सगळे कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवले. तिनं विचारलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. ज्या आकड्यावर कर ठरतो तो आकडा तिघे तपासतात. ज्यावर ठरत नाही तो कोण तपासतो? म्हणून कर-नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं धरून चालू नका.

कुतूहल

हिशेबनीस काका, हे कुठेच वाचायला मिळालं नसतं. धन्यवाद!

माझा बाळबोध प्रश्न: नोंदी जोडतात म्हणजे नेमकं काय करतात? नावावरून?

रानवारा

कुतूहल, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला एक व्यक्ती-क्रमांक आहे. कर, दवाखाना, शाळा, बँक, सगळीकडे तोच. त्यामुळे जोडणं सोपं. संशोधकाच्या हाती जाण्याआधी तो बदलून त्या जागी निरर्थक आकडा टाकतात.

अमेरिकेत जनगणना खातं आपल्या पाहणीतली माणसं कर-नोंदींशी जोडतं. नाव, पत्ता, जन्मतारीख यांवरून माणूस ओळखायचा, त्याला एक आतला क्रमांक द्यायचा आणि मग नाव-पत्ता काढून टाकायचा. संशोधकाला तो क्रमांकच दिसतो. ज्यांची ओळख पटत नाही ते बाजूला राहतात. असे लोक अनेकदा सतत घर बदलणारे, स्थलांतरित, किंवा कागदपत्रं धड नसलेले असतात. म्हणजे ज्यांच्या म्हातारपणाची सर्वात जास्त काळजी करायला हवी, नेमके तेच जोडणीतून गळण्याचा धोका असतो. सापडलेल्यांपैकी तशाच लोकांना हिशेबात जास्त वजन देऊन ती तूट भरून काढायचा प्रयत्न करतात, पण जे दिसले त्यांच्यावरूनच न दिसलेल्यांचा अंदाज बांधावा लागतो.

शंकेखोर

रानवारा, वर तुम्ही "अप्रतिम, वाचनखूण साठवली" म्हणालात आणि आता स्वतःच त्यातला दोष सांगताय. मग तुमचं मत नक्की काय?

रानवारा

ते मी लिहिलेलं नाही. ते रानवारा१ आहेत. :)

रानवारा१

हो हो, तो मी! आमची गाठभेटही नाही.

शंकेखोर

क्षमस्व दोघांनाही. पुढचा आकडा नजरेतून सुटला.

गणितवेडी

शंकेखोर, माफी कशाला, तुम्ही धाग्याला नमुनाच दिलात! दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी एकाच्या समजून जोडल्या की अगदी असंच होतं. काल कौतुक करणारा आज टीका करताना दिसतो. त्या "माणसा"चं उत्पन्न एका वर्षात तिप्पट होतं आणि पुढच्या वर्षी शून्यावर येतं.

आरी काप्टेन आणि येल्मर इप्मा यांचा २००७ चा स्वीडनच्या नोंदींवरचा अभ्यास याच मुद्द्याचा आहे. प्रश्नावलीचं उत्तर आणि नोंद यांत फरक पडला की आपण लगेच म्हणतो, माणूस चुकला. त्यांनी दाखवलं की त्यातला काही फरक चुकीच्या माणसाची नोंद जोडली गेल्यानंही पडतो. थोड्याशा चुकीच्या जोडण्यासुद्धा चित्र बरंच बदलतात. माणसाला खोटं पाडण्याआधी आपली गाठ नीट बसली आहे ना, ते पाहायला हवं.

हिशेबनीसांचा मुद्दाही पूर्ण मान्य. मी "करखात्याला माहीत असतं" असं सरसकट लिहिलं ते चूक होतं. तिसऱ्यानं कळवलेलं असतं तेवढंच त्याला भरवशानं माहीत असतं. डेन्मार्कमध्येच ४० हजारांहून अधिक करदात्यांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची विवरणं कसून तपासली, काहींची नाही. मालक किंवा बँक परस्पर कळवते त्या उत्पन्नात लपवाछपवी जवळजवळ शून्य, आणि माणूस स्वतः सांगतो त्या उत्पन्नात भरपूर. म्हणजे नोकरदारांच्या बचतीचं चित्र स्वच्छ, स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं धूसर. शंकेखोर यांचा पहिला मुद्दा इथे अगदी खरा ठरतो.

मृद्गंध

आता लिहिते. जरा मोठं होईल.

माझी आई अठरा वर्षं नोकरीत होती, मग आजी अंथरुणाला खिळली आणि आईनं नोकरी सोडली. पुढची अकरा वर्षं तिनं आजीचं सगळं केलं. अंघोळ, औषधं, रात्रीचं जागणं. नंतर वयामुळे परत नोकरी मिळाली नाही. आता आईच्या नोंदींकडे लांबून पाहिलं तर काय दिसेल? अठरा वर्षं दरवर्षी एक ओळ. त्यापुढे काही नाही. ते "काही नाही" म्हणजे काय, हे नोंद सांगत नाही. मेली? देश सोडला? आजारी पडली? श्रीमंत झाली आणि कामाची गरज उरली नाही? शून्य लिहिलेलं असणं आणि ओळच नसणं यांत केवढा फरक आहे!

आणि ती ज्या पैशांवर आज जगते ते बाबांच्या नावावरच्या खात्यातून येतात. माणूस म्हणून मोजलं तर आईची निवृत्तीची पुंजी नगण्य. घर म्हणून मोजलं तर बऱ्यापैकी. दोन्ही उत्तरं खरी. पण बाबा उद्या नसले, किंवा त्या दोघांचं पटलं नसतं आणि ती वेगळी झाली असती, तर पहिलं उत्तरच खरं ठरलं असतं.

म्हणून मला या अभ्यासांबद्दल राग नाही, उलट असं वाटतं की ते आणखी जोडून करावेत. नवरा-बायकोच्या नोंदी जोडाव्यात, जन्म-मृत्यूच्या जोडाव्यात, म्हणजे ती अकरा वर्षं निदान प्रश्नचिन्ह म्हणून तरी दिसतील. आज ती कोरी जागा आहे आणि कोऱ्या जागेकडे कुणी बघत नाही.

जुना हिशेबनीस

मृद्गंध, कपाटं भरून कागद हाताळले, पण "शून्य असणं आणि ओळच नसणं" हे असं कधी मनात आलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

पायवाट

मृद्गंध, तुमच्या प्रतिसादानंतर काही वेळ काही लिहावंसं वाटेना.

तुमच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगणारा एक अभ्यास आहे. अमेरिकी जनगणना खात्यातल्या ॲडम बी आणि जोशुआ मिचेल यांनी २०१७ मध्ये तो केला. ६५ वर्षांवरच्या लोकांनी पाहणीत सांगितलेलं २०१२ चं उत्पन्न त्यांच्याच कर आणि सामाजिक सुरक्षा नोंदींशी जोडून पाहिलं. नोंदींप्रमाणे मधल्या घराचं (उत्पन्नाच्या क्रमानं लावल्यावर बरोबर मध्ये येणाऱ्या घराचं) उत्पन्न पाहणीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघालं. गरिबीचं प्रमाण ९.१ टक्के समजत होते, ते ६.९ वर आलं. फरक मुख्यतः निवृत्तिवेतन आणि निवृत्ती खात्यातून काढलेल्या पैशांमुळे. लोक ते "उत्पन्न" म्हणून सांगतच नव्हते. मला यात माझे ते गृहस्थ दिसले. आपल्याच साठवलेल्यातून काढलं, ते कसलं उत्पन्न, असंच लोकांना वाटत असणार.

शंकेखोर

याच बातमीची मला भीती वाटते. उद्या कुणीतरी म्हणेल, म्हातारे तर मजेत आहेत, मदत आवरती घ्या. मधलं घर ३० टक्क्यांनी सुधारलं म्हणून तळाचं घर सुधारत नाही. ज्याचं निवृत्ती खातंच नाही त्याच्या नोंदीत सापडणार काय?

गणितवेडी

बरोबर. म्हणून ६.९ हा आकडाही पूर्ण वाचायचा. कुणी विसरलं नाही, कुणाची नोंद सुटली नाही, असं धरून मोजल्यावरसुद्धा तेवढे लोक गरीबच निघाले. माझ्या दृष्टीनं हे मदत थांबवण्याचं नाही, मदत कुणाला पोहोचवायची ते दाखवणारं आहे. त्यांच्याबद्दल "सांगायला विसरले असतील" असं म्हणायची सोय आता उरली नाही.

आडवाट

मी इथे नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

मी ते पैसे काढणाऱ्यांपैकी आहे. परदेशात नोकरी होती, ती गेली. सात महिने घरी होतो. निवृत्ती खात्यात जे होतं त्यातलं जवळजवळ सगळं काढलं. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं की कराखेरीज काढलेल्या रकमेवर सहसा १० टक्के दंड बसतो, तोही भरला. बायकोला सांगायला दोन आठवडे लागले. एका संध्याकाळी टेबलावर लॅपटॉप उघडा होता, अर्जात "कारण" असा रकाना होता, आणि खाली उघडणाऱ्या यादीतलं एकही कारण माझं नव्हतं. शेवटी "इतर" निवडलं.

नंतर वाचलं की अर्थतज्ज्ञ याला "गळती" म्हणतात. लूकस गुडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या २००३ ते २०१५ च्या कर-नोंदींवरून मोजलं आहे. पन्नाशीच्या आतल्या लोकांनी भरलेल्या निव्वळ रकमेपैकी २२ टक्के एवढी रक्कम दर वर्षी अशी बाहेर पडते. भरल्याची नोंद एका कागदावर, काढल्याची १०९९-आर नावाच्या दुसऱ्याच कागदावर, आणि एका खात्यातून दुसऱ्यात नुसतं हलवलं तरीही तोच कागद निघतो. त्यामुळे हलवलेलं आणि खर्चलेलं वेगळं काढणं हेच मोठं काम असतं. मी त्या टक्क्यांतला एक आहे हे वाचून विचित्र वाटलं, आणि थोडा धीरही आला. नोकरी जाणं, घटस्फोट, उत्पन्न घसरणं, यांच्या आगेमागेच ही रक्कम बाहेर पडते, असंही त्यांना नोंदी जोडल्यामुळेच दिसलं. म्हणजे आम्ही उधळे नव्हतो. ते कुणीतरी आकड्यांत लिहून ठेवलंय.

फक्त त्याला गळती म्हणू नका. नळ मी उघडला होता, घरात पाणी नव्हतं म्हणून.

कुतूहल

आडवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मृद्गंध

+१. आणि "इतर" हा रकाना जगातल्या सगळ्या अर्जांत सर्वात मोठा ठेवायला हवा.

रानवारा१

अवांतर होईल, पण डेन्मार्कवरून स्वीडन आठवलं. तिथे प्रत्येकाच्या संपत्तीची तपशीलवार नोंद मिळायची, कारण संपत्ती-कर होता. १९९९ ते २००७ मधल्या त्या नोंदींवर जगभरच्या लोकांनी काम केलं. २००७ मध्ये कर रद्द झाला आणि नोंदही थांबली. लोकांची संपत्ती होती तिथेच होती, दिसेनाशी झाली इतकंच. करखातं जे विचारतं तेवढंच आपल्याला दिसतं.

रानवारा

याच्या उलटही होतं, रानवारा१. (आता आपण दोघं एकमेकांना उत्तरं देतोय, शंकेखोर, सांभाळून वाचा.) जिथे नोंद असते तिथे असं काही दिसतं जे पाहणीत कधीच सापडलं नसतं. अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खात्याची शिल्लक दर वर्षी करखात्याला कळवावी लागते. त्यावरून २०१९ साठी आकडा निघाला: ५० लाख डॉलरच्या वर शिल्लक असलेले २८,६१५ करदाते. मध्यमवर्गाच्या म्हातारपणासाठी काढलेलं खातं, आणि त्यात एवढं! काही हजार घरांच्या पाहणीत यांतला एखादा भेटला तर भेटला.

शंकेखोर यांच्या "एकाच देशाचं" या आक्षेपाबद्दलही लिहायचं राहिलं होतं. ब्रिटननं ऑक्टोबर २०१२ पासून सगळ्या मालकांना सक्ती केली, पात्र कर्मचाऱ्याला निवृत्ती योजनेत आपोआप घ्यायचं. मोठ्या कंपन्या आधी, लहान नंतर, असे टप्पे होते, त्यामुळे तुलना करता आली. तिथली पगाराची पाहणी करखात्याच्या पगार-यादीतून १ टक्का नोकरदार निवडून होते आणि आकडे मालकाच्या दप्तरातून येतात. जोनाथन क्रिब आणि कार्ल एमरसन यांनी त्यावरून दाखवलं की या सक्तीमुळे सहभाग ३७ टक्केबिंदूंनी वाढला आणि एप्रिल २०१५ पर्यंत ८८ टक्क्यांवर गेला. देश वेगळा, काळ वेगळा, सूर तोच.

शंकेखोर

मान्य. पहिला आक्षेप बराचसा मागे घेतो. दुसरा मात्र तसाच आहे, आणि त्याला अजून कुणी हात घातलेला नाही. विचारलं का?

गणितवेडी

शंकेखोर, मी टाळत नव्हते, विचार करत होते.

नाही, विचारत नाहीत. त्याऐवजी कुंपण घालतात. अमेरिकेत जनगणना खात्यात काम करणाऱ्या माणसानं माहिती फोडली तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. न्यूझीलंडमध्ये अनेक सरकारी खात्यांच्या नोंदी जोडलेलं एक भांडार आहे, त्यात २००७ पासूनच्या तिथल्या किवीसेव्हर या निवृत्ती-बचत योजनेच्याही नोंदी आहेत. तिथे संशोधक कोण, काम कशासाठी, खोली कुठली, नोंदी कशा, बाहेर काय जाणार, या पाचही गोष्टी तपासतात. मोजणीचा प्रत्येक आकडा बाहेर जाताना तीनच्या पटीत वर किंवा खाली सरकवतात, म्हणजे एखाद्या छोट्या गटातला एकटा माणूस ओळखू येऊ नये.

कुंपण मोडतही नाही असं नाही. अमेरिकी करखात्याचं काम करणाऱ्या एका कंत्राटी माणसानं अतिश्रीमंतांची विवरणं वृत्तसंस्थांना दिली, त्याला जानेवारी २०२४ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. तो संशोधक नव्हता, पण तुमच्या भीतीला आधार नाही असं मी म्हणणार नाही.

मग विचारून का करत नाहीत? काही पाहण्या करतात. अमेरिकेत १९९२ पासून पन्नाशीपुढच्या लोकांची एक मोठी पाहणी चालते. त्यात लोकांची परवानगी घेऊनच सामाजिक सुरक्षा नोंदी जोडतात. पण हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे सारखे नसतात. फक्त हो म्हणणाऱ्यांचाच अभ्यास केला तर मृद्गंधच्या आईंसारखे कितीजण त्यात असतील? मला खरंच वाटतं की सगळ्यांना मोजणं हे निवडक लोकांना मोजण्यापेक्षा जास्त न्यायाचं आहे. पण सगळ्यांना मोजायचं तर निदान सगळ्यांना सांगायला हवं: तुमच्या नोंदी वापरल्या, यासाठी वापरल्या, हे निघालं. एवढंही बहुतेक ठिकाणी होत नाही. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

शंकेखोर

विचारू नका, पण सांगा. एवढं झालं तर माझी हरकत नाही. कर भरल्याच्या पावतीवर दोन ओळी छापा. मला वाचायला आवडेल.

जुना हिशेबनीस

त्या दोन ओळी मी फुकट छापून देईन!

कुतूहल

धागा नोंदी जोडण्याचा होता, इथे माणसंच जोडली गेली. :)

पायवाट, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

पायवाट

बरंचसं मिळालं. आणि एका बाबतीत माझं मत बदललं.

सुरुवातीला मला वाटत होतं की नोंदी आल्या, आता दारोदार जाणं संपलं. आता वाटतं, दारी जाऊन विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. "किती भरता?" हे नोंदीतून घ्या, माणसाला छळू नका. त्याला ते विचारा जे नोंदीत येणारच नाही. अकरा वर्षं कुठे होतात? "इतर" म्हणजे काय होतं? आणि मग या उत्तराला ती नोंद जोडा. प्रश्नावली अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत होईल, आणि त्या दहा मिनिटांत माणूस खरं बोलेल, कारण आकडे आठवत बसायचं ओझं नसेल.

जुना हिशेबनीस

पायवाट, एक विचारायचं राहिलं. त्या गृहस्थांना तिसरी ओळ दाखवलीत का?

पायवाट

दाखवली. प्रश्नावली पूर्ण भरून, सही घेऊन, बॅगेत ठेवल्यावर. त्याआधी दाखवायची मुभा नव्हती. त्यांनी चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली. मग ड्रॉवरमधून आधीच्या महिन्यांची पगारपत्रकं काढली आणि एकेक उलगडून तिसरी ओळ शोधायला लागले. मी निघाले तेव्हा टेबलावर नऊ कागद पसरलेले होते आणि ते पेन्सिलीनं बेरीज करत होते.